मण्यारीला कवड्या म्हणणारा माणूस

आमच्या गल्लीत त्याला नावानं कुणी हाक मारत नाही. सगळे 'बिनविषारी' म्हणतात. कुठंही साप निघाला की हा हजर, आणि हजर झाल्यावर तोंडातून पहिला शब्द हाच: "बिनविषारी आहे, मागं व्हा." वस्तीत निघणारे बहुतेक साप तसेच असतात. धामण असते, दिवड असतो, तस्कर असतो. त्यामुळे शब्द खरा ठरायचा, लोक सुटकेचा श्वास टाकायचे आणि त्याच्याकडे कौतुकानं बघायचे. नावाची चीड येते असं तो दाखवायचा, पण कुणी हाक मारली की आधी वळूनही तोच बघायचा.

धंदा मोटार दुरुस्तीचा. पाण्याचे पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटारी, जळालेलं सगळं नवी तार भरायला त्याच्याकडे यायचं. दुकान इतकं अरुंद की दोघं आत असले तर एकानं श्वास सोडल्याशिवाय दुसऱ्याला घेता येऊ नये. भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं, वर व्हार्निशचा वास. शटरवर रंगवलेलं होतं, 'मोटार भरून मिळेल', आणि त्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, 'साप मारू नका, बोलवा.'

हे वेड त्याला कुठून लागलं, तर पंपाच्या खड्ड्यातून. एका इमारतीचा पंप काढायला तो खाली उतरला होता आणि समोर नाग फणा काढून उभा. वर शिडीवर लोक, खाली हा. हात पाइपवर होता तो तिथंच ठेवून हा नुसता उभा राहिला. नागानं त्याला बघितलं, यानं नागाला बघितलं. मग नाग फणा उतरवून भिंतीच्या फटीत निघून गेला. वर आल्यावर लोकांनी पहार आणली, तर हा खड्ड्याच्या तोंडावर आडवा बसला. "त्यानं मला सोडलंय," म्हणाला, "आता तुम्ही त्याला सोडा." तेव्हापासून तो आमच्यातला झाला. आमची संघटना म्हणजे गटारापासून भटक्या कुत्र्यांपर्यंत कुठल्याही गोष्टीवरून भांडणारी माणसं. त्यात हा एकच असा, की ज्याच्या येण्याची लोक वाट बघायचे.

आणि नुसते साप नव्हेत. एकदा फरशीच्या गोदामात खवल्या मांजर शिरलं. हमालांनी आयुष्यात पाहिलेलं नाही. कुणी म्हणालं मगरीचं पिल्लू, कुणी म्हणालं आणखी काही. ते बिचारं भीतीनं अंगाचा गोळा करून बसलेलं, आणि हे महाभाग फटीत पहार घालून त्याला उघडायला बघत होते. बिनविषारी गेला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि जमिनीवर मांडी घालून बसला. किती वेळ बसला ते त्यालाच ठाऊक. शेवटी गोळा हळूच सुटला, आधी नाक आलं, मग डोळे, आणि ते जनावर मागच्या पायांवर, पुढचे दोन पंजे छातीशी धरून, एखादा लाजरा पाहुणा निघावा तसं दाराकडे चालू लागलं. हा त्याच्या मागं मागं, हळू. हमाल म्हणाले, आम्ही हसायचंही विसरलो. छापखान्याच्या छतात रात्रपाळीवाल्यांना भुताचे पाय ऐकू यायचे, तिथून त्यानं उदमांजराची मादी आणि तिची पिल्लं उतरवली. हा माणूस जनावरापुढं कधी घाई करायचा नाही. घाई करायचा तो माणसांपुढं.

गर्दी जमली की त्याचं अंग बदलायचं. साप ओळखायला जवळ जाणं हे त्याला नंतर नंतर कमीपणाचं वाटायला लागलं. दारातूनच सांगायचा. न वाकता, न थांबता. लोक अचंबित होऊन बघायचे आणि हा शर्टाच्या बाह्या दुमडायचा.

आमच्या एका सभेत समोरच्या रांगेत दुसरा एक साप पकडणारा बसला होता. त्याला नाग चावला होता, बोट गेलं होतं, हाताला पट्टी होती. बिनविषारी स्टेजवरून सगळ्यांसमोर म्हणाला, "साप चावला म्हणजे चूक सापाची नसते, हाताची असते. ज्याला हात सांभाळता येत नाही त्यानं साप सोडावेत आणि गोगलगाई धराव्यात." सभा खळखळून हसली. पट्टीवाला पण हसला, पण पट्टीचा हात त्यानं मांडीखाली घेतला.

आता त्या दिवसाचं.

शिवणकामाच्या कारखान्यातून सुपरवायझरचा फोन आला. सकाळची वेळ. लांबलचक हॉल, मशिनींच्या रांगा, टोकाला इस्त्रीचं टेबल. बिनविषारी पोहोचला तेव्हा सगळ्या बायका एका बाजूला आणि इस्त्रीवाली चपलांसकट टेबलावर. ती अंगानं काडी आणि आवाजानं भोंगा. सुपरवायझरला सगळ्यांसमोर सुनावणारी बाई. पण सापाचं नुसतं नाव काढलं तरी टेबलावर चढणारी.

"कुठंय?"

"त्या गठ्ठ्यांमागं," सुपरवायझर म्हणाला. "वेटोळं करून पडलाय. जिवंत आहे का मेलाय तेच कळेना."

बिनविषारीनं दारातूनच मान उंचावली. कोपऱ्यात उजेड कमी होता. काळं अंग, शेपटीकडं पांढरे पट्टे, डोकं वेटोळ्यात दडवलेलं.

"कवड्या," तो म्हणाला. "बिनविषारी."

"अहो पण पट्टे आहेत!"

"म्हणूनच कवड्या. लोक त्याला मण्यार समजून मारतात. हा गरीब, पाली खाऊन राहतो."

टेबलावरून आवाज आला, "पाली खातो ना? मग मला काय कौतुक? मी पाल आहे का?"

हॉलभर हशा. त्या हशानं त्याला चढलं. त्यानं जाऊन साप अलगद उचलला. दिवसाउजेडी तो सुस्त होता, हातावर नुसता लोळत होता. "उतरा खाली. आज तुमची भीतीच काढतो."

"भीती काढता काढता जीव काढाल!"

"मी आहे ना."

बायकांनी तिला ओढून उतरवली. डोळे गच्च मिटून तिनं तळहात पुढं केला, आणि त्यानं त्यावर साप ठेवला. खालून आधार द्यायचा, आवळायचं नाही, हेही शिकवलं. तिनं एक डोळा उघडला, मग दुसरा. "अगं बाई, थंड आहे! गुळगुळीत आहे गं!" सगळ्या टाळ्या पिटायला लागल्या. सुपरवायझर फोटो काढत होता.

साप परत स्वतःच्या हातावर घेताना त्याला अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी टोचलं. मुंगी चावावी इतकंच. त्यानं तिकडं बघितलंही नाही. एरवी तो साप पिशवीत घालून लांब नेऊन सोडतो. त्या दिवशी म्हणाला, "हा इथंच राहू दे, तुमच्या पाली कमी करेल," आणि मागच्या दारानं बाहेर नेऊन भिंतीशी, चिंध्यांच्या पोत्यांजवळ सोडला.

साप जमिनीवर लांब झाला तेव्हा त्याच्या पाठीवर ऊन पडलं. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. इथं उलटं होतं. शेपटीकडे ठळक, आणि मानेकडे येता येता काहीच नाही, नुसतं काळंभोर. पाठीच्या मधोमध मोठ्या खवल्यांची रांग. मण्यार. नागापेक्षा जहाल, आणि चावलेलं कळूसुद्धा न देणारी. ती पोत्यांमध्ये शिरली आणि दिसेनाशी झाली.

हे सगळं त्यानं मला पुढं स्वतः सांगितलं, खाली बघत, मोडून मोडून. म्हणाला, "दादा, मी तिथं उभा होतो. आतून इस्त्रीवालीचा आवाज येत होता, 'मी धरला गं, मी धरला!' मला फक्त दार ढकलून आत जायचं होतं."

तो गेला नाही. गेटच्या दिशेनं चालायला लागला. सुपरवायझरनं चहाला हाक मारली, यानं मागं न बघता हात हलवला.

मला राग लवकर येतो. हे ऐकताना मी उठून उभा राहिलो होतो. साप चावला तर एक क्षण न घालवता दवाखाना गाठा, हे या माणसानं हजार वेळा सांगितलं असेल. आणि स्वतः काय केलं? दुकानात जाऊन बसला आणि मोटार भरायला घेतली. दवाखान्यात जायचं म्हणजे खिडकीवर सांगायचं, 'साप चावला.' तिथल्या नर्सपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळे त्याला ओळखतात. त्यांच्यासमोर तो भाषणं करून आलेला. कोणता साप, असं विचारणार. कसा चावला, असंही विचारणार. मण्यार कधी कधी दात लावते पण विष सोडत नाही, असं तो मनाशी म्हणत राहिला. तारेचे वेढे मोजायला लागला की मध्येच आकडा हरवायचा. परत उलगडायचं, परत सुरू करायचं. आणि प्रत्येक वेळी डोळ्यापुढं त्याचा स्वतःचा अंगठा नव्हे, तर इस्त्रीवालीचा तो पुढं केलेला तळहात यायचा.

दुपार कलल्यावर पोटात कळा यायला लागल्या. त्यानं शटर ओढलं आणि घर गाठलं. गल्लीत शिरला तेव्हा पाय नीट पडत नव्हते, पापण्या मिटायला आल्या होत्या, जीभ जड.

इथं एक सांगायला हवं. गल्लीच्या तोंडावरचा दारूचा अड्डा आम्ही बंद पाडला, त्यात सगळ्यात पुढं बिनविषारीच होता. त्यामुळे तो भिंतीला धरत येताना दिसला आणि ओट्यावरच्या मंडळींना पर्वणीच मिळाली.

"अरे बघा, बघा, दारूबंदीवाले आले!"

"आज कुणाचा साप धरला? बाटलीतला का?"

त्याची बायको दारात आली. तिनं बघितलं आणि तिचा चेहरा पडला. "अहो, हे काय? तुम्ही?"

तो काहीतरी बोलला, पण शब्द तोंडातच लोळले. खरं सांगायला तेव्हाही उशीर झालेला नव्हता. बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. पण त्यानं मान खाली घातली आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. आयुष्यभर दारूला शिवला नाही तो माणूस. त्या घटकेला बेवडा ठरणं त्याला सोसलं, साप चावलेला ठरणं सोसलं नाही.

वाचवलं ते मेहुण्यानं. बायकोचा धाकटा भाऊ, रिक्षा चालवतो, आणि रोज संध्याकाळी पितो. बहिणीनं फोन करून रडत सांगितलं तर तो खुशीतच आला. "भाऊजी! शेवटी आमच्या पंगतीत बसलात म्हणायचं! आणि मला न सांगता?" असं म्हणत त्यानं त्याला बसतं केलं आणि तोंडाशी तोंड नेलं. हुंगलं. परत हुंगलं.

"ताई," तो म्हणाला, "वास नाही."

"काय?"

"वास येत नाही गं. यातलं मला कळतं. यांनी काही घेतलेलं नाही." आणि मग ओरडलाच, "भाऊजी, डोळे उघडा! काय झालंय?"

बिनविषारीला डोळे उघडता येत नव्हते. मेहुण्यानं बोटांनी त्याच्या पापण्या वर धरल्या. तेव्हा त्यानं उजवा हात उचलला आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं टोचून दाखवली.

बायको किंचाळली. "कोणता? कोणता होता?"

भिंतीवर सापांचा तक्ता होता, आमच्या संघटनेनं छापलेला. तिनं तोच ओढून त्याच्यापुढं धरला. तक्त्यावर कवड्या आणि मण्यार शेजारी शेजारी आहेत, लोकांचा घोटाळा होऊ नये म्हणून. त्याचं बोट त्या दोघांच्या मधल्या रेघेवर येऊन थांबलं. मग सरकलं, मण्यारीवर.

रिक्षा मेहुण्याच्या दोस्तानं चालवली; मागं बसून तो मेहुण्याच्या मांडीवर मूठ ठेवून मागं-पुढं घासत होता. सारखा. मेहुण्याला वाटलं, वेदना होतायत. तो म्हणाला, "दाबा भाऊजी, जोरात दाबा." तो घासतच राहिला, हाताची ताकद जाईपर्यंत.

दवाखान्यात औषध चढवलं, नळी घातली, श्वासाला मशीन लावलं. डॉक्टर म्हणाले, अंग लुळं पडलंय, शुद्ध असू शकते. ती होती. त्याला सगळं ऐकू येत होतं. बायकोचं रडणं, नर्सचं "अगं हे आपले सापवाले!", सगळं. आणि त्याला कळत होतं, की चिंध्यांच्या पोत्यात काय आहे हे जगात आपल्या एकट्यालाच माहीत आहे, आणि त्या एकट्याची पापणीसुद्धा हलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या व्हरांड्यात गेलो, तेव्हा मेहुणा बाकावर बसून भाऊजी मूठ कशी घासत होते ते नर्सला दाखवत होता. मी बघितलं आणि विचारलं, "हे काय करतोयस? इस्त्री?"

तो थबकला. त्यानं मुठीकडं बघितलं. मग आम्ही दोघांनी बिनविषारीचा मोबाइल काढून शेवटचा फोन कुणाचा होता ते बघितलं, तो शिवणकामाच्या कारखान्याचा निघाला, आणि मी सुपरवायझरला फोन लावत लावत मेहुण्यासोबत रिक्षाकडं पळालो. तो फोन उचलेना. मशिनींच्या आवाजात त्याला ऐकू कुठलं जायला.

कारखान्यात शिरलो तर सगळं रोजच्यासारखं चाललेलं. इस्त्रीवाली मला बघून हसली. "या दादा! तुमच्या बिनविषारींना सांगा, त्यांचा कवड्या परत सापडला." आणि तिनं खिडकीकडं बोट दाखवलं.

खिडकीत प्लास्टिकची बरणी होती. झाकणाला भोकं पाडलेली. आत काळं वेटोळं.

"सकाळी चिंध्या काढायला गेले तर पोत्यात झोपलेला," ती सांगत होती. "ह्या सगळ्या पळाल्या. मी नाही पळाले. त्यांनी शिकवलं तसं खालून हात घातला, अलगद उचलला, ठेवला. आता मी सगळ्यांना सांगते, मारायचं नाही."

ती इतकी खूश होती, की मी आधी नुसतं बरणीचं झाकण घट्ट आहे का ते बघितलं. शेवटी मेहुण्यानंच सांगितलं, "बाई, ती मण्यार आहे. भाऊजी, तुमचे बिनविषारी, तिच्यामुळंच दवाखान्यात श्वासाच्या मशीनवर आहेत."

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. मग तिनं आपल्या तळहाताकडं बघितलं. नळाशी गेली आणि हात धुवायला लागली. साबण लावून, परत साबण लावून. नळ चालू ठेवूनच तिनं मागं न वळता विचारलं, "त्यांना कधी कळलं?"

"ते आता बोलू शकत नाहीत," मी म्हणालो.

"मी ते नाही विचारलं."

बरणी आम्ही नेली, मण्यार लांब रानात सोडली. ज्या हातांनी तिनं ती दोनदा धरली त्यांना ओरखडासुद्धा नव्हता. यात कुणाची हुशारी नाही. झालं इतकंच.

बिनविषारी घरी परतला तेव्हा बोलायला लागला होता. पण बोलायचा नाही. दुकान बंद. सापाचे फोन आले की बायको सांगायची, "आजारी आहेत." एका दुपारी त्यानं मला वर सांगितलेलं सगळं सांगितलं. मी चिडून म्हणालो, "मला कशाला सांगतोस?" बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणाली, "अहो, तिच्याकडं जा. लोक तुम्हाला बेवडा म्हणाले तेव्हा मी शरमेनं आत गेले. आता मला त्याच्यापेक्षा जास्त लाज वाटतेय."

तो मला सोबत घेऊन गेला. जेवणाची सुट्टी संपत आलेली होती. त्यानं इस्त्रीच्या टेबलाशी जाऊन हळू आवाजात सुरुवात केली, "जरा बाहेर येता का? एक बोलायचं होतं."

"बाहेर कशाला?" तिचा आवाज हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेला. "साप सगळ्यांसमोर ठेवला होतात ना हातावर? मग बोलायचं ते कानात का?"

बायका वळून बघायला लागल्या. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तो घसा साफ करून म्हणाला, "त्याचं असं असतं, की हे दोन साप दिसायला जवळजवळ सारखे…"

"साप राहू द्या. तुम्ही काय केलंत ते सांगा."

तो थांबला. मला वाटलं, आता हा वळून चालायला लागणार. पाय तसे हललेही होते.

"मला इथंच चावली," तो म्हणाला. "तुमच्या हातावरून घेताना. सोडल्यावर मला दिसलं, ती मण्यार आहे. तुमचा आवाज ऐकू येत होता. मी आत आलो नाही."

"का?"

"लाज वाटली."

"मी सकाळी परत धरली ती. मेले असते तर?"

सुपरवायझर घड्याळाकडं बघून मशिनी चालू करायला सांगणार होता, पण कुणी जागेवर गेलं नाही. बिनविषारीला कुणी 'बसा' म्हणालं नाही, 'जा' म्हणालं नाही. कुणी शिवीही दिली नाही. दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं, असं मला दिसत होतं.

शेवटी तीच म्हणाली, "पोत्यांतून चिंध्या आम्हीच काढतो रोज. कवड्या कसा ओळखायचा आणि मण्यार कशी, ते आता नीट सांगा. सगळ्यांना. आणि हात मागं ठेवून सांगा."

त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकमेकांत अडकवले आणि सांगायला सुरुवात केली. आवाज आधीसारखा चढत नव्हता. ओळखता येत नसेल तर लांब राहा, हे त्यानं आधी सांगितलं. मग मानेचं, शेपटीचं, पाठीवरच्या खवल्यांचं. कुठंतरी मध्येच, पट्टा किती रुंद हे सांगताना, त्याचा खांदा जरासा हलला. इस्त्रीवाली त्याच्या तोंडाकडं बघतच नव्हती. ती टेबलाला वळसा घालून त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहिली होती, हात सुटतात का ते बघत.